न उतरण्याची परवानगी

विमानाच्या शाळेत माझं काम वह्यांचं. कोणतं विमान किती वाजता उडालं, कोण घेऊन गेलं, किती मिनिटांनी परत आलं आणि खाली उतरल्यावर शिकवणाऱ्यानं काय शेरा दिला, हे सगळं एका लांबलचक रजिस्टरात माझ्या अक्षरात असतं. त्याआधी वीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. तिथं उसाच्या गाड्या मोजल्या, इथं बारामतीच्या धावपट्टीवर पोरांची उड्डाणं मोजतो. उसाची गाडी भरून येते आणि रिकामी जाते. आमच्याकडं पोरं रिकामी येतात आणि भरून जातात, असं आमचे मालक पाहुण्यांना सांगतात. रजिस्टर त्यांनी कधी वाचलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी राजनंदिनीचा चेक होता. चेक म्हणजे वैमानिकाच्या परवान्याची शेवटची परीक्षा. परीक्षक शेजारच्या खुर्चीत बसतात, तासभर उडवायला लावतात आणि उतरल्यावर पास की नापास ते सांगतात. राजनंदिनी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची, आप्पासाहेबांची थोरली. जानेवारीत ती एकदा नापास झाली होती. तिच्या लेखी पेपरांची मुदत महिनाअखेर संपत होती, त्यामुळं शुक्रवारी परत नापास झाली तर सगळे पेपर पहिल्यापासून आणि दोन वर्षं पाण्यात. हे तिला माहीत होतं, तिच्या घरी माहीत होतं, आमच्या चहावाल्यालाही माहीत होतं. तरीही ती एकच चूक पुन्हा पुन्हा करत होती आणि तिला शिकवणारे कॅप्टन निहार दांडेकर रोज थोडे थोडे म्हातारे होत होते.

निहार सर पुण्याचे, वय बत्तीस. बोलायच्या आधी एक उसासा टाकायची त्यांना सवय. राजनंदिनी त्यांच्या हाताखाली आल्यापासून तो उसासा लांबत गेलेला मी स्वतः ऐकला आहे.

चूक कोणती, तर रान निवडण्याची. एक इंजिन असलेल्या विमानात शिकवणारा मध्येच इंजिनाची ताकद काढून घेतो आणि म्हणतो, इंजिन गेलं. मग विद्यार्थ्यानं घाबरायचं नाही. विमान तरंगत ठेवायचं, खाली एखादं मोकळं सपाट रान हेरायचं आणि वाऱ्याकडं तोंड करून तिथं उतरण्याच्या बेतानं यायचं. खरं उतरायचं नसतं. पाचशे फुटांच्या आसपास शिकवणारा म्हणतो, घे वर. की ताकद द्यायची आणि परत यायचं. एवढाच खेळ. राजनंदिनी बाकी सगळ्यात पहिली. हात हलका, डोकं शांत. पण रजिस्टरात तिच्या नावापुढं सात वेळा एकच शेरा होता: "रानाची निवड चुकीची."

"तात्या, हे बघा," त्या आठवड्याच्या सोमवारी निहार सर माझ्या टेबलावर हेल्मेट आपटावं तसा हेडफोन ठेवत म्हणाले. "खाली बाराशे फूट लांब, टेबलासारखं सपाट, मोकळं रान. आणि ही बाई त्याच्या शेजारच्या उसात चाललीय. बारा फूट उभ्या उसात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, राजनंदिनी, हा ऊस आहे. ती म्हणाली, हो सर. मी म्हणालो, मग? ती म्हणाली, काही नाही सर."

मी त्यांना चहा दिला. माणूस चिडला की त्याला उत्तर द्यायच्या आधी चहा द्यावा, हे मी काट्यावर शिकलो. तिथं रांगेत चौदा तास थांबलेले ट्रॅक्टरवाले यायचे. सर गेल्यावर मी रजिस्टर उघडलं आणि चार महिने मागं गेलो. मला शेऱ्यापेक्षा त्याच्या अलीकडचा रकाना बघायचा होता. कुठल्या बाजूला गेले होते?

मोरगावकडं अकरा वेळा. ज्वारीची, बाजरीची रानं, मध्ये शेरडं. अकराही वेळा शेरा "उत्तम". माळेगावच्या बाजूला पाच वेळा, पाचही "चांगली". चुकलेल्या सातही वेळा एकच दिशा होती: बावडा. जानेवारीतला चेकही तिकडंच झाला होता.

ती दुपारी सही करायला आली तेव्हा मी रजिस्टर तिच्याकडं फिरवलं आणि बोट ठेवलं.

"राजनंदिनी, तुला मोरगावचं रान वळखू येतं आणि गावचं येत न्हाय?"

तिनं पाहिलं. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"ते मोकळं रान काकांचं हाय, तात्या."

"कुठल्या काकांचं?"

"जयवंता काकांचं. आणि उसाचं आमचं."

मला एवढं पुरे होतं. मी इथलाच आहे. पण निहार सरांना पुरे झालं नाही. त्यांना संध्याकाळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आप्पासाहेब आणि जयवंता सख्खे भाऊ. दोघांच्या रानांमध्ये एक बांध. अकरा वर्षांपूर्वी बांध कुणीतरी हातभर सरकवला. कुणी, त्यावर दोघांचं अजून एकमत नाही. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद, आणि आप्पासाहेबांच्या घरात लहानथोरांना एकच कायदा: बांध ओलांडायचा नाही. चेंडू पलीकडं गेला तर चेंडू गेला.

निहार सर ऐकत होते. उसासा आला आणि बराच वेळ संपेना.

"इंजिन बंद पडल्यावर," ते हळू म्हणाले, "आपण काय करायचं? आधी सातबारा बघायचा?"

"सर, मला कळतंय," राजनंदिनी म्हणाली. "डोक्याला कळतंय. पण खाली बांध दिसला की हात आपोआप आपल्या बाजूला जातो."

"आपल्या बाजूला ऊस आहे."

"आपला आहे सर."

सर उठून बाहेर गेले आणि धावपट्टीकडं बघत उभे राहिले.

यात अजून एक कागद होता, तो मी तेव्हाच फाइलमधून काढून दाखवला. डिसेंबरात एकदा निहार सरांनी स्वतः विमान हातात घेऊन तिला त्या मोकळ्या रानावर खाली आणून दाखवलं होतं. चार दिवसांनी शाळेच्या नावानं एक अर्ज आला. आवक क्रमांक दोनशे सात. "विषय: माझ्या मालकीच्या क्षेत्रावर विमानाद्वारे बेकायदेशीर मोजणी केल्याबाबत." अर्जदार जयवंता. मजकूर असा, की अर्जदाराचा सख्खा भाऊ हा आपल्या मुलीमार्फत अर्जदाराच्या क्षेत्राची आकाशातून मोजणी करून घेत असून सदर मोजणी अर्जदारास मान्य नाही. कुठल्या मुलीमार्फत ते न बघताच आम्ही हसलो होतो आणि फाइल केलं होतं. त्या उड्डाणाच्या रात्रीच आप्पासाहेबांनी पोरीला फोन करून विचारलं होतं, की त्याच्या रानावर घिरट्या घालायला तुला विमान शिकवलं का? हे आम्हाला आत्ता कळलं.

"दुसरीकडं नेतील तिला परीक्षक," मी म्हणालो. "बावड्यालाच कशाला जातील?"

"याही वेळी सोहोनी मॅडम आहेत," सर म्हणाले. "त्या बावड्यालाच जातात. तिकडं विजेची टॉवरलाइन नाही, वस्ती नाही, सगळीकडं ऊस आणि मध्ये एकच मोकळं रान. त्या म्हणतात, ज्याला ते एक रान दिसतं तो वैमानिक."

कॅप्टन मंदाकिनी सोहोनी. वय चौसष्ट, चाळीस वर्षं उड्डाण, त्यातली वीस दुसऱ्यांची परीक्षा घेण्यात. त्या विमानात बोलत नाहीत. फक्त "बरं" म्हणतात. मी त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांकडून ऐकून त्या शब्दाची प्रतवारी केली आहे. आखूड "बरं" म्हणजे ऐकलं. लांब "बरं" म्हणजे नापास. आणि तिसरं एक असतं, ज्याच्यानंतर त्या थर्मास उघडतात. ते फार थोड्यांनी ऐकलंय.

मंगळवारी सरांनी ठरवलं, की बावड्याला जायचं. सरळ दोघा भावांशी बोलायचं. मी म्हणालो, सर, भावकीत सरळ बोलून चालत नाही. ते म्हणाले, तात्या, मी एका मुलीला रेडिओ, हवामान, इंजिन, नकाशे सगळं शिकवलं. तिची दोन वर्षं मी एका बांधापायी जाऊ देणार नाही. तुम्ही येताय का? मी गेलो. अशा गोष्टी नंतर ऐकण्यापेक्षा बघितलेल्या बऱ्या.

आप्पासाहेब रानातच होते. उसाच्या कडेला लिंबाखाली त्यांची खुर्ची होती, आणि ती खुर्ची बांधाकडं पाठ करून ठेवलेली होती. चहा आला. सरांनी सगळं समजावून सांगितलं, हाताचं विमान करून दाखवलं.

"म्हंजे इंजान बंद पडलं तर कुठंतरी उतरायचं," आप्पासाहेब म्हणाले.

"बरोबर."

"मंग आपल्या रानात यावं की. आपलं रान काय कमी हाय?"

"आप्पासाहेब, यात बारा फूट ऊस उभा आहे."

"ऊस मऊ असतोय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी उसाकडं पाहिलं.

"ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं मऊ नसतो," सर म्हणाले.

आप्पासाहेबांनी विचार केला. मग माझ्याकडं वळले. "तुमी काट्यावर होता न्हवं? मंग एक काम करा. माजी तोड पुढच्या म्हयन्यात हाय. ती गुरवारच्या आत लावून द्या. दोन एकर साफ करून देतो पोरीला. तिला म्हणावं, शुक्रवारी खुशाल ये आपल्यात."

मी वीस वर्षं काट्यावर होतो. लोकांनी लग्नासाठी तोड लवकर मागितली, निवडणुकीसाठी मागितली. विमानासाठी पहिल्यांदाच. मी म्हणालो, आप्पासाहेब, ऊसतोडीची टोळी तीन दिवसांत मिळत नाही, आता माझी ओळखही तेवढी राहिली नाही.

"मंग राहू द्या," ते म्हणाले. "पण त्याच्यात ती उतरणार न्हाय. परीक्षेसाठीबी न्हाय. आज विमान गेलं, उद्या म्हणल, वाट द्या."

"पण उतरणारच नाहीये," सर म्हणाले. "पाचशे फुटांवरून परत वर येणार आहे."

"मंग माज्यावरच पाचशे फुटांवरनं जाऊ द्या की वर. काय बिघडलं?"

याला निहार सरांकडं उत्तर होतं, पण त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, उठले आणि सरळ बांधावरून पलीकडं गेले. मीही गेलो. आम्हाला काय, आम्ही भावकीतले नव्हतो.

जयवंता पलीकडं पाइपलाइन बघत होता. आप्पासाहेबांपेक्षा चार वर्षांनी धाकटा, तोच चेहरा, फक्त मिशी वेगळी ठेवलेली, सारखं दिसायला नको म्हणून असेल. ऊस नोव्हेंबरातच गेल्यामुळं रान मोकळं होतं, आणि पुढच्या लागणीसाठी त्यानं ते यंत्र लावून सपाट करून घेतलं होतं. सरांनी पुन्हा हाताचं विमान केलं.

"म्हंजे पोरीचं विमान माज्या रानात उतरणार."

"उतरणार नाही. उतरायला येणार आणि परत जाणार."

"उतरणार न्हाय?"

"नाही."

"मंग तुमी हितं कशाला आलाय?"

"तुमची हरकत नसावी म्हणून. मागं तुम्ही अर्ज दिला होता."

जयवंतानं हात धुतले, पंच्याला पुसले. "म्हंजे न उतरायची परवानगी मागायला आलाय व्हय?"

निहार सरांनी हाताचं विमान खिशात घातलं. नंतर म्हणाले, "हो."

"आन त्याच्याच रानात का न्हाय जात? बापाचं हाय की."

"ते चालणार नाही," सर वैतागून म्हणाले. "या सगळ्या पट्ट्यात विमान उतरण्याच्या लायकीचं एकच रान आहे, ते तुमचं. आप्पासाहेबांचं बिनकामाचं आहे."

जयवंताचा हात पंच्यावर थांबला. त्यानं एकदा बांधाकडं बघितलं. लिंबाखालची खुर्ची पंधरा पावलांवर होती.

"सायेब," तो म्हणाला, "जरा मोठ्यानं सांगा. या कानानं कमी ऐकू येतंय."

सरांनी मोठ्यानं सांगितलं. खुर्चीतली पाठ हलली नाही, पण चहाची बशी वाजली.

त्यानंतर जयवंताला विमानाविषयी बरीच उत्सुकता निर्माण झाली. रान किती लांब लागतं, मध्ये दगड चालतो का, कुठल्या बाजूनं येतात. सर म्हणाले, वाऱ्यावर आहे. वारा नेहमी समोरून हवा, पाठीमागून असला तर विमान थांबता थांबत नाही.

"आन वारं कुठनं हाय ते वरनं कसं कळतंय?"

"धूर दिसतो. पाण्यावरच्या लाटा दिसतात. कुणी कपडे वाळत घातले असले तर त्यावरून."

"कपडे व्हय," जयवंता म्हणाला.

परत येताना गाडीत सर म्हणाले, चला, निदान एका बाजूची परवानगी मिळाली. परवानगी मिळाली होती ती पुतणीला नव्हे, भावाच्या नाकावर टिच्चून मिळाली होती. पण परवानगी कशासाठी मिळाली याचा रकाना नसतो.

त्या रात्री आप्पासाहेबांचा पोरीला फोन आला. तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, हसून सांगितलं, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. बांध ओलांडणार असशील तर जेवायलाबी तिकडंच जा, असं म्हणाले होते. बुधवारी सरांनी तिला तीन वेळा बावड्याला नेलं. पहिल्या वेळी ऊस. दुसऱ्या वेळी ती मोकळ्या रानाकडं वळली, अर्ध्यात थबकली आणि नदीकडं निघाली. नीरा नदीत उतरणार का, असं सरांनी विचारलं. तिसऱ्या वेळी बरोबर गेली, पण सर शेजारी बसून सारखं "कुणाचंही असो, कुणाचंही असो" म्हणत होते तेव्हा. चेकमध्ये सोहोनी मॅडम असं म्हणणार नव्हत्या. मी रजिस्टरात लिहिलं: तीनपैकी एक, तेही सांगून.

शुक्रवारी मॅडम आठ वाजता आल्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस आखूड कापलेले, हातात थर्मास. आधी तोंडी परीक्षा. नेहमी ती तासाभरात आटपते. त्या दिवशी दहा वाजले तरी दार उघडेना. निहार सर माझ्या टेबलासमोर येरझाऱ्या घालत होते.

"उशीर होतोय तात्या. सकाळचा वारा पूर्वेचा असतो, सगळा सराव आम्ही पूर्वेच्या वाऱ्यात केलाय. पश्चिमेकडून यायचं, पूर्वेकडं तोंड. अकरानंतर वारा फिरतो."

"मग तिला सांगितलंय ना?"

"सांगितलंय. तिला सगळं सांगितलंय. तिला ऊस म्हणजे काय तेही सांगितलंय."

दहा पन्नासला विमान उडालं. मी वेळ टिपली.

वर काय झालं ते मला नंतर दोघींकडून वेगवेगळं कळलं. दोघींचे जबाब जुळतात, म्हणून तसंच उतरवून घेतो.

बावड्यावर तीन हजार फुटांवर मॅडमनी ताकद काढून घेतली आणि म्हणाल्या, "इंजिन गेलं." राजनंदिनीनं वेग सांभाळला आणि खाली पाहिलं. ऊस, ऊस, नदी, ऊस. मध्ये काकांचं रान, केस विंचरल्यासारखं. त्याच्या पूर्वेला बांध, आणि बांधापलीकडं स्वतःचं रान, हिरवंगार. ती म्हणते, हात आपल्या बाजूला गेलाच होता. दोन बोटं गेला होता. मग मनाशी म्हणाली, दोन वर्षं, आणि हात मागं घेतला. "मोकळ्या रानात जातेय," ती मोठ्यानं म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "बरं." आखूड.

सवयीप्रमाणं तिनं पश्चिमेकडून यायची तयारी केली. वळण घेतलं, हजार-दीड हजार फुटांवर आली, आणि तेव्हा तिला बांधावर काहीतरी तांबडं दिसलं. उंच कळकाची काठी, आणि काठीला बांधलेलं लुगडं. ते लुगडं तिनं लहानपणी कितीदा वाळत घातलेलं बघितलं होतं. ते फडफडत होतं आणि त्याचा पदर पूर्वेला ताणलेला होता. म्हणजे वारा पश्चिमेचा. फिरला होता.

आहे तशी आली असती तर वारा पाठीशी, रान संपेपर्यंत विमान थांबलं नसतं, आणि रान संपल्यावर पुढं आप्पासाहेबांचा बारा फूट ऊस. म्हणजे शेवटी उसातच. तिनं विमान पुढं काढलं, वळवलं आणि पूर्वेला गेली.

"हे काय?" मॅडमनी विचारलं. त्या सहसा विचारत नाहीत.

"वारा फिरलाय मॅडम. पूर्वेकडून येते."

"कशावरून फिरलाय?"

"काकूच्या लुगड्यावरून."

मॅडमनी मान वाकवून खाली पाहिलं.

आता येण्याची वाट तिच्या बापाच्या उसावरून होती. पाचशे फुटांवर ती उसावर होती. लिंबाखालून आप्पासाहेब उठून उघड्यावर आलेले दिसले, मान वर. मॅडम "घे वर" म्हणेनात. बांध साडेतीनशे फुटांखालून मागं गेला. पलीकडं जयवंता काका, शेजारी सात-आठ माणसं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि काकू हातात ताट घेऊन. ओवाळायला. राजनंदिनी म्हणते, ताटातला दिवासुद्धा दिसला. एवढ्या उंचीवरून ते शक्य नाही, पण मी तिला तसं म्हणालो नाही.

तीनशे फुटांवर मॅडम म्हणाल्या, "घे वर." विमान ताटावरून वर गेलं.

अकरा पंचेचाळीसला धावपट्टीवर चाकं लागली. निहार सर खिडकीशी होते. दोघी आत आल्या. मॅडम माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या, राजनंदिनी उभी.

"जानेवारीत याच जागी तू उसात निघाली होतीस," मॅडम म्हणाल्या. "मी विचारलं, का. तू म्हणालीस, चुकलं. आज ते रान तुला पहिल्या नजरेत दिसलं. म्हणजे जानेवारीतही दिसलं होतं. का गेली नाहीस?"

राजनंदिनीनं निहार सरांकडं पाहिलं. सरांनी छताकडं. मग तिनं सांगितलं. बांध, अकरा वर्षं, चेंडू, फोन, सगळं.

मॅडमनी ऐकून घेतलं.

"वीस वर्षं मी लोकांच्या परीक्षा घेतेय," त्या म्हणाल्या. "ऊन डोळ्यावर आलं, घाबरलो, दिसलंच नाही, पोट बिघडलं होतं. सगळं ऐकलंय. भावकी पहिल्यांदा ऐकतेय. पुढं तुझ्या मागं दीडशे माणसं बसतील, राजनंदिनी. त्यांतल्या कुणाचा बांध कुणाशी लागून आहे, ते तू विचारत बसणार?"

"नाही मॅडम."

"आणि वारा कळला नसता तर?"

"उसातच गेले असते मॅडम."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

ते ना आखूड होतं, ना लांब. मॅडमनी थर्मासचं झाकण फिरवलं, चहा ओतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लिहा. पास. शेरा: रानाची निवड योग्य."

मी लिहिलं. त्या सात "चुकीची"खाली पहिलं "योग्य". अक्षर जरा मोठं आलं.

राजनंदिनीनं बाहेर ओट्यावर जाऊन घरी फोन लावला. दार उघडं होतं. मी काही उठून गेलो नव्हतो.

"आप्पा, पास झाले."

पलीकडून आप्पासाहेबांच्या खाकरण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मग, "माज्या उसावरनं आलीस."

"व्हय."

"किती उंच हुतीस?"

"पाचशे फूट."

"आन बांधावर?"

"साडेतीनशे."

"म्हंजे बांधाला काय शिवली न्हाईस."

"न्हाय आप्पा."

मग शांतता. माणूस मनात काहीतरी वजन करत असला की अशी शांतता असते. काट्यावर मी ती पुष्कळ ऐकली आहे.

"मंग वलांडला असं म्हणता येत न्हाय," आप्पासाहेब म्हणाले. "जेवायला ये."

ती ओट्यावर बसली आणि तोंड पुसत राहिली. निहार सरांनी तिला पाणी नेऊन दिलं. त्या दिवशी त्यांनी एकही उसासा टाकला नाही. मला वाटलं, चला, मिटलं.

पुढच्या मंगळवारी टपालात दोन अर्ज आले. आवक क्रमांक दोनशे छप्पन्न, अर्जदार जयवंता. विषय: विमान न उतरल्याबाबत. अर्जदाराने आपले क्षेत्र साफ करून, स्वखुशीने काठी रोवून, खुर्च्यांची सोय करून, गावातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रित केले असता सदर विमान तीनशे फुटांपर्यंत येऊन न उतरता निघून गेले. त्यामुळे अर्जदाराची मंडळींसमोर अडचण झाली. तरी पुढील वेळी पूर्ण उतरावे, ही विनंती.

दोनशे सत्तावन्न, अर्जदार आप्पासाहेब. विषय: बांधावरील काठीबाबत. सदर काठी अर्जदाराच्या हद्दीत चार बोटे रोवली असून ती विमानाच्या निमित्ताने कायम करण्याचा प्रयत्न दिसतो. तसेच विमान अर्जदाराच्या क्षेत्रावरून गेले, याची आपल्या दप्तरी नोंद असावी.

निहार सरांनी दोन्ही वाचले. मग टेबलावर कोपरं टेकून डोकं हातात धरलं आणि मी चार महिन्यांत ऐकलेला सगळ्यात लांब उसासा टाकला.

"तात्या, याला उत्तर काय द्यायचं?"

राजनंदिनी परवान्याचे कागद भरायला आली होती. तिनं दोन्ही अर्ज घेतले, उभ्या उभ्याच वाचले आणि माझ्यासमोर परत ठेवले.

"उत्तर देऊ नका सर," ती म्हणाली. "दोघांनाबी पोच द्या. शिक्का मारून. पोच मिळाली की गप बसत्यात."

मी शिक्का काढला.

"आणि तात्या," ती म्हणाली, "एकाच दिवशी द्या. पहिली कुणाची, ते भांडण निघायला नको."